इस्तंबूल : तिथली माणसं दुपारी जेवतात तिथे जेवायचंय

केतकी_प

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आम्ही चौघं इस्तंबूलला जातोय. मी, नवरा, सासूबाई आणि अकरावीतली लेक. मुक्काम सुलतानअहमतला, कारण आया सोफिया, तोपकापी सगळं पायी जाण्यासारखं आहे. बघायच्या जागांची यादी झालीय, ती विचारत नाही. प्रश्न खाण्याचा आहे. जो व्हिडिओ उघडावा त्यात तीच मोजकी दुकानं, तोच उंचावरून मीठ सोडणारा हात आणि शेवटी दुकानाचा पत्ता. तिथला दुकानदार, कारकून, रिक्षावाला असेल तर रिक्षावाला दुपारी कुठे जेवतो ते कसं ओळखायचं? नावं दिलीत तर चालतीलच, पण पद्धत कळली तर जास्त बरं.

सासूबाई शाकाहारी. अंडं चालतं, मटणाच्या पाण्यात शिजवलेलं काही चालत नाही. आम्ही बाकीचे सर्वभक्षी.

उंडगा

रिक्षा नाहीत तिथे, पण प्रश्न झकास आहे.

नावं मागाहून. आधी दोन शब्द पाठ करा : 'एस्नाफ लोकांतासी'. एस्नाफ म्हणजे छोटे दुकानदार, कारागीर, बाजारातली मंडळी. त्यांची दुपारची खानावळ ती एस्नाफ लोकांतासी. दर्शनी काचेमागे स्टीलचे मोठे ट्रे, खालून वाफ. एका ट्रेमध्ये वांगी, एकात टोमॅटोच्या रश्शात पांढरा घेवडा, एकात कोकराच्या मांडीचे तुकडे, कडेला पिलावचा डोंगर. मेन्यूकार्ड बहुतेक नसतंच. काचेशी उभं राहायचं, बोट दाखवायचं, पळीवाला वाढतो. टेबलावर पावाची टोपली आणि तिखट मिरच्यांचं लोणचं आधीच असतं. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस मान वर न करता पंधरा मिनिटांत जेवून उठतो, कारण त्याचं दुकान पोऱ्याच्या भरवशावर टाकून तो आलेला असतो. तो माणूस दिसला की तुम्ही बरोबर ठिकाणी आहात.

आता हे सुलतानअहमतला का सापडत नाही? कारण तिथे गिऱ्हाईक एकदा येतं आणि आपल्या देशी निघून जातं. ते उद्या परत येणार नाही हे मालकाला ठाऊक आहे, तेव्हा उद्याची भीती नाही. बाजारातल्या खानावळीत तीच दोनशे माणसं वर्षभर येतात. घेवडा एक दिवस कच्चा राहिला तर गल्लीभर बोभाटा होतो. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे. बाकी 'अस्सल', 'पारंपरिक' वगैरे पाट्यांवर जाऊ नका.

म्हणून खानावळ शोधू नका, कामाची जागा शोधा. तुमच्या मुक्कामापासून उतारावर मसाला बाजार आहे. त्याच्या मागे ताहताकाले म्हणून घाऊक बाजार, आणि तिथून झाकलेल्या बाजाराकडे (ग्रँड बझार) चढणारी महमुतपाशाची गल्ली. पूल ओलांडून काराकॉयला गेलात तर पेर्शेम्बे पाझारी, म्हणजे नटबोल्ट, पंप, साखळदंड, दोरखंड यांची दुकानं. जिथे पर्यटकाला विकण्यासारखं काही नाही तिथे जेवण चांगलं असण्याची शक्यता वाढते.

वेळ मात्र पाळा. बारा ते एक. दोननंतर ट्रे खरवडायला लागतात, तीननंतर बऱ्याच ठिकाणी फक्त सूप आणि सहानुभूती.

मेतकूट

वरच्या प्रतिसादाला +१. मी शाकाहारी आहे आणि तिथे उपाशी राहिले नाही, म्हणून सासूबाईंसाठी थोडं सविस्तर लिहिते.

काचेतल्या ट्रेचे दोन भाग करा. गरम भाग आणि गार भाग. गार भागातल्या पदार्थांना झेतिनयाली म्हणतात, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या. फरसबी, आर्टिचोक, कोथिंबीर-पुदिन्याऐवजी शेपू घातलेला बाकला, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. यांत सहसा मांस नसतं आणि हे सासूबाईंचं हक्काचं घर.

गरम भागात मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वांग्याचे दोन पदार्थ अगदी एकसारखे दिसतात. पोट चिरलेलं अख्खं वांगं, वर टोमॅटोची फोड आणि हिरवी मिरची. गरम ट्रेमधलं ते कार्नियारिक, आत खिमा. गार ट्रेमधलं इमाम बायिल्दी, आत कांदा-टोमॅटो-लसूण. तेच द्राक्षाच्या पानांचं : गार असेल तर भात, गरम असून वर दही असेल तर बहुधा खिमा.

खरी गोम रश्शाची. मसुराचं सूप दिसायला निष्पाप, पण पुष्कळदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पिलावही कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'एत्सिझ मी?' म्हणजे 'मांसाशिवाय का?' असं विचारलंत तर तो खुशाल 'एवेत' (हो) म्हणेल, कारण त्याच्या लेखी तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही. तेव्हा दुसरा प्रश्न विचारायचाच : 'एत सुयू वार मी?' मांसाचं पाणी आहे का? आणि तिसरा, 'ताउक सुयू?' कोंबडीचं? हे तीन प्रश्न कागदावर तुर्कीत लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. पळीवाले रागावत नाहीत, उलट एखादा आतून स्वयंपाक्याला बोलावतो.

रस्त्यावरचं म्हणाल तर चिय कोफ्ते खुशाल खा. मूळचा पदार्थ कच्च्या मांसाचा, पण तशा मांसाची विक्री कायद्याने बंद आहे, त्यामुळे दुकानांत मिळतो तो दलिया, टोमॅटोची पेस्ट आणि लाल मिरचीचा. तिखटाची आठवण यायला लागली की हाच उपाय. शिवाय गोझलेमे आहे, लाटून तव्यावर भाजलेली पोळी, आत बटाटा, चीज किंवा पालक.

नाना_वाटाड्या

धागा छान, पण त्यामागच्या समजुतीलाच माझा थोडा आक्षेप आहे. 'पर्यटक नाहीत तेच खरं' हे कोणी ठरवलं? सुलेमानिये मशिदीसमोर घेवडा-भाताच्या दुकानांची रांग आहे. मशीद १५५७ ची, दुकानं जुन्या मदरशाच्या ओवऱ्यांमध्ये. तिथे पर्यटकांच्या झुंडी असतात, आणि त्याच टेबलांवर इस्तंबूल विद्यापीठातली पोरं आणि नमाज आटोपून आलेले म्हातारेही असतात. वेफा भागातलं बोझाचं दुकान १८७६ पासूनचं. प्रत्येक प्रवासी पुस्तिकेत त्याचं नाव आहे म्हणून ते खोटं झालं का? थंडीत संध्याकाळी आजोबा नातवाला घेऊन तिथे येतात. बोझा म्हणजे आपल्या आंबिलीची चुलत बहीण, आंबूस-गोड, दाट, वर दालचिनीची पूड. समोरच्या दुकानातून गरम फुटाणे घ्यायचे, ते वर टाकायचे आणि चमच्याने खायचं. भिंतीवर अतातुर्कनी वापरलेला पेला काचेत ठेवलाय. नोव्हेंबर म्हणजे ऐन मोसम, चुकवू नका.

गर्दी कोणाची आहे यापेक्षा गर्दीत म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत का, ते बघा. माझी कसोटी ही.

उंडगा

नाना, सुलेमानियेचं मान्य. पण तिथला घेवडा आणि ताहताकालेतला घेवडा शेजारी ठेवून खाल्लात तर तुमचंही मत बदलेल. असो, भांडत नाही.

सागरगोटा

कामानिमित्त तिथे बरीच वर्षं काढली, म्हणून एक वेगळा मुद्दा. 'इस्तंबूलचं खास काय' हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारलात तर तो क्षणभर गोंधळतो. दीड कोटींवर वस्ती, त्यातल्या बहुतेकांची मुळं अनातोलियातल्या कुठल्यातरी गावी. कोणी सिर्तचा, कोणी अंतेपचा, कोणी काळ्या समुद्रावरच्या रिझेचा. त्यामुळे प्रश्न असा विचारा : 'तुमचं गाव कोणतं, आणि तिकडचं जेवण इथे कुठे मिळतं?' चहा पिता पिता हा प्रश्न टाकला की माणूस खुलतो. हॉटेलच्या रिसेप्शनवाल्याला 'चांगलं हॉटेल सांगा' म्हणालात तर तो ठरलेलं कार्ड हातात देईल. त्याच रिसेप्शनवाल्याला गाव विचारा, मग तमाशा बघा.

पाट्याही वाचायला शिका. गाड्यांच्या नंबरप्लेटवर प्रांताचा आकडा असतो आणि दुकानदार तो आकडा अभिमानाने पाटीवर लावतात. २७ म्हणजे गाझीअंतेप, ६३ उर्फा, ५६ सिर्त, ३१ हाताय, ५३ रिझे, ०१ अदाना. पाटीवर ३४ असेल तर ते इस्तंबूलच. अंतेप हे युनेस्कोच्या यादीत २०१५ पासून खाद्यसंस्कृतीचं शहर आहे, तेव्हा २७ दिसला की थांबायला हरकत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फातिहमधलं कादनलार पाझारी. व्हेझनेजिलर मेट्रोपासून चालत जाता येतं. चौथ्या शतकातला रोमन जलसेतू डोक्यावर, आणि त्याच्या पायथ्याशी सिर्तच्या लोकांचा चौक. मधाचं पोळं, कातड्यात मुरवलेलं चीज, टांगलेली बकरी, आणि ब्युर्यानची दुकानं. जमिनीतल्या खोल भट्टीत कोकरू टांगून तासन्‌तास शिजवतात, मग ओंडक्यावर सुऱ्याने तुकडे करून गरम रोटीवर टाकतात. चरबीसकट. सकाळी अकरालाच लोक हे खात बसलेले असतात आणि दुपारपर्यंत चांगले तुकडे संपतात. सोबत पेर्दे पिलावी घ्या, कणकेच्या आवरणात भाजलेला भात. सासूबाईंना मात्र त्या चौकात चहा, चीज आणि मध यांवर वेळ काढावा लागेल, आणि टांगलेली बकरी बघवत नसेल तर त्यांना नेऊच नका.

केतकी_प

किती छान लिहिताय सगळे! वाखूसा (वाचनखूण साठवली). सासूबाईंना मेतकूट यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या तीन प्रश्नांची उजळणी करतायत. :)

गुगलच्या नकाशावर हे कसं शोधायचं? तिथे सगळ्यांनाच साडेचार तारे दिसतात. आणि फसवणुकीबद्दल फार वाचलंय, ते खरं का?

दुपारवारा

फसवणुकीचं मी सांगतो. समुद्राकाठच्या एका माशांच्या हॉटेलात आमची चांगली हजामत झाली. दारातला माणूस इंग्रजीत गोड बोलून आत घेऊन गेला. बसल्याबरोबर न मागता वाट्यांचा मोठा ट्रे आला, मासा वजनावर होता आणि भाव कार्डावर नव्हता. बिल बघून बायको मराठीत जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. नाव देत नाही, कारण तसली दुकानं एक नाहीत.

ट्रे आला तर हवी ती वाटी उचलायची, बाकी परत पाठवायचा. त्यात अपमान नाही, पद्धतच तशी आहे. मासा वजनावर असेल तर शिजवण्याआधी त्या माशाची पूर्ण किंमत लिरात विचारायची, किलोचा भाव नाही. आणि २०२४ च्या जानेवारीपासून तिथे खाण्याच्या जागांना दरपत्रक दारात आणि टेबलावर ठेवणं सक्तीचं आहे. दारात भाव लावलेले नाहीत आणि दारातला माणूस तुमची बाही धरतोय, हे एकत्र दिसलं की पुढे चला.

व्हिडिओतले भाव धरून बजेट करू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली सरकारी महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती, आणि नंतरही भाव चढतेच राहिले. सगळ्यात मोठी नोट अजून २०० लिरांची, त्यामुळे पाकीट फुगलेलं राहतं आणि आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. छोट्या खानावळीत कार्ड चालतं बहुधा, तरी रोख असू द्या.

उंडगा

नकाशाचं : इंग्रजीत शोधू नका. इंग्रजीत 'बेस्ट रेस्टॉरंट' टाकलंत की इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी वर आणलेली दुकानंच वर येणार. तुर्की लिपीत 'एस्नाफ लोकांतासी' किंवा 'एव येमेकलेरी' (घरगुती जेवण) टाका. स्पेलिंग भाषांतराच्या ॲपमधून कॉपी करा. मग ताऱ्यांकडे न बघता अभिप्रायांची भाषा बघा. बहुतेक तुर्कीत, दोन-दोन ओळींचे, तक्रारी 'भात गार होता', 'साडेबारालाच घेवडा संपला' अशा : उत्तम. वेटरचं नाव घेऊन केलेली पाच ताऱ्यांची स्तुती ओळीने दिसली, तर टेबलावर गोडाची बशी ठेवून ती लिहून घेतलीय असं समजा. फोटोंत ताटं वरून काढलेली असतील तर सोडा. बिलांचे फोटो असतील तर धरा, भावाचा अंदाज तारखेसकट मिळतो.

एक ठेवणीतली गोष्ट. नकाशावर रेस्टॉरंटचा मेन्यू बघण्याऐवजी उघडण्या-बंद होण्याच्या वेळा बघा. सकाळी लवकर उघडतं, दुपारी चार-पाचला बंद होतं आणि रविवारी सुट्टी, असं ठिकाण पर्यटकांसाठी नाही. ते बाजारासाठी आहे.

आणि मागताना 'आझ' हा शब्द वापरा. आझ म्हणजे थोडं. 'आझ फासुल्ये (घेवडा), आझ पिलाव' म्हटलं की कमी वाढतात आणि कमी पैसे लावतात, मग चौघांत सहा-सात पदार्थ चाखता येतात. तुमच्या नवऱ्याला भूक जास्त असेल तर 'बिर बुचुक', म्हणजे दीड. तिथे दीड प्लेट मागणं अगदी रोजचं आहे.

खलबत्ता

नाराज होऊ नका, पण एक विनंती. गल्लीतल्या खानावळीचं नेमकं नाव आणि नकाशाचा दुवा इथे टाकू नका. चार टेबलांचं दुकान असतं. कोणीतरी व्हिडिओ करतं, दारात रांग लागते, भाव वाढतात आणि समोरचा कुलूपवाला उद्या कुठे जेवणार? मी स्वतः अशी एक खानावळ हातची गेलेली पाहिलीय.

नाना_वाटाड्या

खलबत्ता, भावना समजली. पण मालकाची बाजूही बघा. त्याचं भाडं वाढलंय, पोऱ्याचा पगार वाढलाय. रांग लागली तर त्याला वाईट का वाटावं? मोडकं दुकान तसंच राहावं ही हौस आपली, त्याची नव्हे.

आणि काही जागा प्रसिद्धीने बिघडत नाहीत. आशिया बाजूच्या कादिकॉयचं चिया हे हॉटेल १९८७ पासून आहे, टीव्हीवर येऊन जगभर गाजलंय, तरी तिथे आजही अनातोलियातल्या खेड्यांतले विस्मरणात गेलेले पदार्थ मोसमानुसार शिजतात. तिकडच्याच उस्कुदारचं कानाआत हे हॉटेल १९३३ चं. ही नावं लपवून काय साधणार?

खलबत्ता

मोठ्यांची नावं घ्या की. मी छोट्यांबद्दल बोलतोय. तिथे माझं मत बदलणार नाही.

सागरगोटा

दोघंही बरोबर, पण धागाकर्तीला जेवायचंय हे विसरू नका. :)

केतकीताई, एक दिवस पूर्ण आशिया बाजूला द्या. एमिनोन्यूहून कादिकॉयची बोट पकडा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, इस्तंबूलकार्ट (बस-मेट्रो-बोटीचं कार्ड) चालतं. बोटीवर चहा आणि सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव) घ्या. उतरल्यावर समोरचा रस्ता ओलांडला की मासळी-भाजीचा बाजार. लोणच्याच्या दुकानात काचेच्या पेल्यातून लोणच्याचं पाणी विकतात, बीट-कोबीचं, आंबट-तिखट. लेकीला पाजा आणि फोटो काढा. नोव्हेंबरात काळ्या समुद्रातली हामसी येते, बोटाएवढी मासळी, मक्याच्या पिठात घोळवून तव्यावर गोल लावून तळतात. तिथल्या लोकांचा जीव की प्राण, आणि स्वस्त. चियाच्या काउंटरवर गार भाज्या वजनावर मिळतात, सासूबाईंची सोय होईल. पण ताट भरताना हात आवरा, तराजू निर्दय आहे.

परतताना उस्कुदारहून मारमाराय पकडा. २०१३ साली सुरू झालेली बोस्पोरस सामुद्रधुनीखालची रेल्वे, एकच स्टेशन आणि तुम्ही सिर्केजीला. त्याआधी उस्कुदारला कानाआतमध्ये शिरून गोडाच्या काचेसमोर लेकीला उभं करा. या दिवसांत साखरेच्या पाकातलं बीही फळ मिळतं, लालबुंद, वर सायीचा गोळा.

केतकी_प

आमचा एक शुक्रवार आणि एक रविवार तिथे येतोय. रविवारी सगळं बंद असतं म्हणता, मग काय करायचं?

उंडगा

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास जुम्म्याची नमाज. बाजारातली गल्ली अचानक ओस पडते आणि नंतर सगळे एकदम खानावळीत घुसतात. तुम्ही साडेबाराच्या आत बसून घ्या.

रविवारी झाकलेला बाजार बंद, त्याच्या आजूबाजूच्या खानावळीही बंद. त्या दिवशी ताहताकालेचा नाद सोडा.

मेतकूट

रविवार न्याहारीचा. अख्खं शहर उशिरा उठून दोन-तीन तास न्याहारी करत बसतं. बेशिकताशला न्याहारीच्या दुकानांची एक आख्खी गल्ली आहे, कॉलेजातली पोरं रांगेत उभी असतात. दहाच्या आत गेलात तर जागा मिळेल. सासूबाईंना मेनेमेन सांगा, टोमॅटो-मिरचीत मोडलेली अंडी. सांगताना सुजुक नको म्हणा, तो मांसाचा असतो.

सागरगोटा

त्याहूनही लवकर उठायची तयारी असेल तर रविवारी सकाळी कासिमपाशाचा इनेबोलू बाजार. काळ्या समुद्राकडच्या कास्तामोनू प्रांतातून माल येतो. मक्याचा पाव, भले मोठे गावरान ब्रेड, रानातल्या अळंब्या, चेस्टनट, अंडी, लोणी. विकायला बसलेल्या बायका चव दिल्याशिवाय सोडत नाहीत. तिथे जेवायचं हॉटेल असं नाही, पण पाव, चीज, टोमॅटो, ऑलिव्ह घेऊन जवळच्या चहाच्या टपरीवर बसता येतं. टपरीवाल्याला आधी विचारा आणि चहा त्याच्याकडचाच घ्या, म्हणजे तो सुरी आणि बशीही आणून देतो. नऊपर्यंत पोचा, दुपारी गाड्या भरून लोक गावी निघतात.

केतकी_प

लेक म्हणते नऊला ती उठणार नाही. सासूबाई म्हणतात, तिला हॉटेलवर झोपू दे, मी येते.

मेतकूट

सासूबाईंना पिशव्या द्या बरोबर. कापडी.